किटवर रेघ आली म्हणजे हिवताप बरा झाला नाही?

फॅल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या गोळ्या पूर्ण घेतलेला रुग्ण दोन आठवड्यांनी पुन्हा तापाने फणफणत येतो. रक्ताच्या थेंबावर झटपट तपासणी करणारं किट लावलं जातं, रेघ उमटते आणि लगेच निकाल ठरतो की औषध लागू पडलं नाही. मग दुसऱ्या गोळ्या सुरू. हे थांबायला हवं.

किट कसं लावायचं ते तुम्हाला येतंच. दोनच गोष्टी सांगतो. कंट्रोलची रेघ (किट नीट चालल्याची खूण) नसेल तर तपासणी बाद धरा, आणि पुसट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच.

किटला परजीवी दिसत नाही, हा खरा मुद्दा आहे. बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. फॅल्सिपॅरम ते रक्तात सोडतो, आणि परजीवी मेल्यावरही ते कित्येक आठवडे तिथेच राहतं. म्हणजे ती रेघ ‘परजीवी आहे किंवा नुकताच होऊन गेला’ एवढंच सांगते. पहिल्याच तापाला हा फरक सहसा आड येत नाही, उपचारानंतर मात्र सगळा घोळ इथेच होतो. स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या रक्ताच्या काचेवर, प्रत्यक्ष परजीवी दिसतो: गिम्सा या रंगाने रंगवलेल्या पातळ थरात तांबड्या पेशीच्या आत निळसर अंगठी आणि तिच्यावर लाल ठिपका. औषध लागू पडलं तर या अंगठ्या साधारण तीन दिवसांत नाहीशा होतात. म्हणून उपचारानंतर 28 दिवसांच्या आत ताप उलटला तर स्लाइडच काढावी. ती शक्य नसेल तर परजीवीचं एलडीएच हे दुसरं प्रथिन शोधणारं किट चालेल, कारण परजीवी मेला की हे प्रथिन लवकर ओसरतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

स्लाइडचाही अहवाल नुसता ‘पॉझिटिव्ह’ म्हणून स्वीकारू नका. उपचारानंतर कोयत्यासारखी वाकडी गॅमेटोसाइट्स (परजीवीची डासामार्फत पसरणारी अवस्था) काही काळ दिसत राहतात. त्यांनी ताप येत नाही. डास चावला तर प्रसार मात्र होऊ शकतो. अंगठ्या दिसल्या तर औषध बदलायचं, नुसती गॅमेटोसाइट्स असतील तर नाही. कोणती अवस्था दिसली हे अहवालात लिहिलेलं नसेल तर मी तो परत पाठवतो.

अंगठ्या नसतील तर तापाचं दुसरं कारण शोधा. खोकणाऱ्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा: 2 ते 11 महिन्यांच्या बाळात 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाचा विचार करायलाच हवा. रेघेकडे बघत बसलं की नेमकं हेच राहून जातं.

झटके, शुद्ध हरपणं, काहीच पिता न येणं यांपैकी एक जरी दिसलं, तर स्लाइडची वाट न पाहता रुग्णाला पुढे पाठवा.

आणि स्लाइड पाठवताना चिठ्ठीवर आधीचं औषध आणि ते सुरू केल्याची तारीख लिहा. त्याशिवाय अहवालाचा अर्थ लागत नाही.