सर्वांत लांब टायटल आणि मुख्य टायटल: डिस्कची प्रत करताना होणारी गल्लत

डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्क संगणकात घालून तिची प्रत करायला घेतली, की सॉफ्टवेअर टायटलांची, म्हणजे डिस्कवर स्वतंत्रपणे चालवता येणाऱ्या भागांची, एक यादी समोर ठेवते, आणि त्या यादीतले सर्वांत लांब टायटल म्हणजेच चित्रपट, असे बहुतेक जण धरून चालतात. पुष्कळ डिस्कवर सर्वांत लांब टायटल आणि मुख्य टायटल खरोखरच एक असतात, म्हणून ही सवय पक्की होते. परंतु लांबी हे केवळ माप आहे, तर मुख्य टायटल म्हणजे डिस्क तयार करणाऱ्याने प्रेक्षकाला दाखवण्यासाठी निवडलेला मजकूर. या दोन गोष्टी जिथे वेगळ्या पडतात, तिथे लांबीवर विसंबून केलेली प्रत अपुरी, विस्कळीत किंवा भलतीच निघते, आणि हे बहुधा मूळ डिस्क हाताशी उरलेली नसताना लक्षात येते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीत हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या वस्तूंनाही ओल धरते, डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात, आणि घरी किंवा स्टुडिओत ‘बर्न’ केलेल्या डिस्कमधला सेंद्रिय रंगाचा थर उष्णता, आर्द्रता आणि प्रकाश यांमुळे खराब होत जातो. लग्नाच्या, सत्यनारायणाच्या, पालखीच्या आणि दशावतारी नाटकांच्या अशा कितीतरी डिस्क घराघरांत पडून आहेत. गणपतीला गावी आलेले चाकरमानी त्या पेनड्राइव्हवर उतरवून मागतात, कारण त्यांच्या नव्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्हच नसतो. अशी प्रत एकदाच होते. ती झाली की जुनी डिस्क फेकली जाते, म्हणून ती करताना कोणते टायटल उचलले जाते आहे, हे आधी नीट पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते.

टायटल म्हणजे फाइल नव्हे, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. डीव्हीडीच्या ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो, तर आयएफओ फाइलींत त्यांतला कोणता भाग कोणत्या क्रमाने दाखवायचा याची नोंद असते. एका व्हीओबी फाइलीचा आकार सुमारे १ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट चार-पाच फाइलींत विभागलेला असतो, आणि ‘सर्वांत मोठी फाइल’ शोधून तेवढीच उतरवणाऱ्याच्या हाती चित्रपटाचा एक तुकडा लागतो. टायटल ही त्या तुकड्यांची अनुक्रमणिका होय. भजनाच्या एकाच वहीला तीन निरनिराळ्या अनुक्रमणिका जोडाव्यात, पाने मात्र तीच राहावीत, तशी ही रचना आहे.

अनुक्रमणिका कितीही लिहिता येतात, यातूनच फसगत सुरू होते. डीव्हीडीवर जास्तीत जास्त ९९ टायटले असू शकतात, आणि प्रत करणे अवघड व्हावे म्हणून काही व्यावसायिक डिस्कवर जवळजवळ सारख्या लांबीची डझनावारी टायटले मुद्दाम भरलेली असतात. अशा वेळी साधा गुणाकार उपयोगी पडतो. दोन तासांच्या चित्रपटाला सरासरी ५ मेगाबिट प्रति सेकंद या दराने सुमारे ४.५ जीबी जागा लागते, आणि दोन थरांच्या डीव्हीडीची एकूण क्षमता सुमारे ८.५ जीबी असते. मग यादीत प्रत्येकी ४.५ जीबीची ९९ टायटले दिसत असतील, तर ती बेरीज ४४५ जीबीच्या वर जाते. अर्थात ही सगळी टायटले त्याच व्हीओबींकडे बोट दाखवत आहेत, आणि त्यांतले चित्रपट योग्य क्रमाने दाखवणारे बहुधा एकच आहे. यादीतली लांबी ही आयएफओने सांगितलेली लांबी असते, तेवढे चित्र डिस्कवर खरोखर आहेच असा तिचा अर्थ होत नाही.

घरगुती डिस्कवर कोणी फसवणूक केलेली नसते, तरीही लांबीचा नियम तिथे अधिक वेळा चुकतो. दशावताराचे उदाहरण घेऊ. जत्रेच्या रात्री नाटक आडदशावताराने सुरू होते, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर अशी पात्रे येऊन जातात आणि मग मुख्य आख्यान रंगते. डीव्हीडी रेकॉर्डरवर चित्रण केलेले असेल, तर रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केले की दर वेळी नवे टायटल तयार होते. मध्ये वीज गेली, कोणी चहाच्या वेळी यंत्र बंद केले, तर एकच आख्यान तीन-चार टायटलांत तुटलेले असते. त्यांतले सर्वांत लांब टायटल म्हणजे फक्त सर्वांत लांब तुकडा. तेवढाच उतरवला, तर संकासुराचा प्रवेश आणि आख्यानाचा शेवट दोन्ही गमावून बसतो. अशा डिस्कवर ‘मुख्य टायटल’ नावाची गोष्टच नसते, सगळी टायटले क्रमाने घेणे हेच बरोबर. शिवाय रेकॉर्डरच्या नेहमीच्या दर्जाला एका थराच्या डिस्कवर साधारण दोनच तास मावतात, म्हणून रात्रभराच्या नाटकाच्या दोन-तीन डिस्क असणार, हेही गृहीत धरून त्या सगळ्या शोधाव्यात.

लग्नाच्या डिस्कवर उलट प्रकार आढळतो. तिथे स्टुडिओने विधी, स्वागतसमारंभ आणि फोटोंची गाण्यासह चित्रफीत यांची वेगवेगळी टायटले करून त्या सगळ्यांना सलग दाखवणारे आणखी एक टायटल ठेवलेले असते. हे एकत्रित टायटल लांबीने मोठे असले, तरी त्यात नवीन काही नसते, आणि ते व सुटी टायटले दोन्ही उतरवली तर तोच मजकूर दोनदा जागा अडवतो. मालिकांच्या डिस्कवरही असेच होते: २२ मिनिटांचे चार भाग आणि ८८ मिनिटांचे एक ‘सर्व चालवा’ टायटल. तिथे मला सुटे भाग घेणे सोयीचे वाटते. हिंदी-मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींवर ‘गाणी’ असा मेनू असतो. त्यातल्या टायटलांत गाण्यांचे चित्र मूळ चित्रपटातलेच असते, आणि ती लांबीने लहान असल्यामुळे सहसा अडचण करत नाहीत.

ब्लू-रेवर गल्लतीचे प्रकार वाढतात. तिथे ‘स्ट्रीम’ फोल्डरमध्ये चित्र-आवाजाच्या एमटूटीएस फाइली आणि ‘प्लेलिस्ट’ फोल्डरमध्ये त्यांचा क्रम सांगणाऱ्या एमपीएलएस फाइली असतात, आणि टायटल म्हणजे बहुधा यांतली एक प्लेलिस्ट. पहिला सापळा मेनूच्या पार्श्वभूमीचा. मेनूमागे फिरणारे अर्ध्या-एक मिनिटाचे दृश्य एकाच प्लेलिस्टमध्ये शेकडो वेळा लिहिलेले असू शकते, आणि मग यादीतले ‘सर्वांत लांब’ टायटल हे कित्येक तासांचे मेनूचे दृश्य निघते. ब्लू-रेची रचना दाखवणाऱ्या बीडीइन्फो या साधनात अशा पुनरावृत्ती करणाऱ्या प्लेलिस्ट गाळण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी.

दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. एकाच डिस्कवर चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती आणि दिग्दर्शकाची विस्तारित आवृत्ती अशा दोन्ही असल्या, की त्या बहुतांश समान फाइली वापरतात आणि फक्त वाढीव दृश्यांच्या ठिकाणी वाटा फुटतात. इथे सर्वांत लांब प्लेलिस्ट म्हणजे विस्तारित आवृत्ती, आणि ती हवी की मूळची, हे आपणच ठरवायचे असते. काही डिस्कवर तर लांबी तंतोतंत सारखी असूनही प्लेलिस्ट निराळ्या असतात, कारण श्रेयनामावली किंवा पडद्यावरची अक्षरे एकीत इंग्रजी आणि दुसरीत फ्रेंच असतात.

तिसरा सापळा सर्वांत त्रासदायक. काही डिस्कवर शेकडो प्लेलिस्टची लांबी आणि आकार हुबेहूब सारखा ठेवून आतल्या तुकड्यांचा क्रम फिरवलेला असतो: खऱ्या प्लेलिस्टमध्ये तुकडे ५५, ५६, ५७, ५८ असे असतील, तर खोट्यांत ५५, ५७, ५६, ५८ असे. मेकएमकेव्ही हे डिस्कची प्रत करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक टायटलचा हा तुकड्यांचा नकाशा दाखवते. मात्र खरा क्रम चढत्या आकड्यांचाच असेल असे नाही, आणि खोट्या प्लेलिस्टचा आरंभ बरोबर ठेवून मधलाच भाग विस्कटलेला असू शकतो. म्हणून पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये, तर तुकड्यांच्या सांध्यांवर, विशेषतः मध्यभागातल्या, संवाद अर्ध्यात तुटतो का ते पाहावे. अनेक डिस्कवर मुख्य प्लेलिस्टचा क्रमांक ००८०० असतो, पण हा केवळ प्रघात आहे, पुरावा नव्हे.

लांबी पूर्णपणे टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. ती चाळणी म्हणून चांगली आहे, मात्र तिची तुलना कशाशी करायची हे ठाऊक हवे. भारतीय चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर, फिल्मच्या काळातल्या चित्रपटांच्या बाबतीत, लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिमी फिल्म २४ चित्रे प्रति सेकंद या वेगाने मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पुढे सरकते, म्हणजे ४११५ मीटरचा चित्रपट साधारण १५० मिनिटांचा. आता हाच चित्रपट पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर २५ चित्रे प्रति सेकंद या वेगाने घेतलेला असेल, तर तो १४४ मिनिटांतच संपतो. सहा मिनिटे कमी दिसली म्हणून ते टायटल अपुरे ठरवून दुसरे शोधत बसणे ही उलट दिशेची चूक होईल. एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्कवर हा फरक पडत नाही. आरंभी प्रमाणपत्र, मध्ये मध्यंतराची पाटी आणि शेवटी श्रेयनामावली ही तिन्ही ज्या टायटलात जागच्या जागी आहेत, ते मुख्य असण्याची शक्यता मोठी. आवाजाचे आणि उपशीर्षकांचे पर्याय वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे आहेत का, हेही ताडून पाहावे, कारण दुय्यम टायटलांत ते सहसा कमी असतात.

खरा निर्णय मात्र डिस्कच्या मेनूवर सोपवावा, असे माझे ठाम मत आहे. निर्मात्याने कितीही खोटी टायटले भरली, तरी साध्या प्लेअरवर ‘प्ले’ दाबणाऱ्या प्रेक्षकाला खरा चित्रपट दिसलाच पाहिजे. म्हणून मेनूतल्या त्या बटनामागे योग्य टायटलचा क्रमांक दडलेला असतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीव्हीडी मेनूसह उघडावी, ‘प्ले’ निवडावे, चित्रपट सुरू झाल्यावर ‘प्लेबॅक’ या यादीतल्या ‘टायटल’ पर्यायात कोणत्या क्रमांकावर खूण आहे ते पाहावे, आणि प्रत करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक निवडावा. लांबीच्या तुलनेत घालवलेला तास या एका कृतीने वाचतो. मेकएमकेव्हीमध्ये टायटलाचा क्रमांक आणि यादीतले स्थान वेगळे असू शकते, कारण ठरावीक लांबीपेक्षा लहान टायटले ते गाळते आणि ही मर्यादा मुळात १२० सेकंदांची असते. म्हणून स्थान मोजू नये, टायटलाच्या माहितीत दिलेला मूळ क्रमांक वाचावा. ब्लू-रेवर मेनू अनेकदा जावा प्रोग्रॅमवर चालतो, आणि संगणकावर जावा बसवलेले नसेल तर तो नीट उघडत नाही, हे आधी तपासावे. डीव्हीडीवरच्या टायटलांची यादी देणारी एलएसडीव्हीडी ही संगणकाची आज्ञा यादीच्या शेवटी ‘लाँगेस्ट ट्रॅक’ असा क्रमांक छापते. तो नावाप्रमाणे फक्त सर्वांत लांब टायटलचा क्रमांक आहे, मुख्य टायटलचा म्हणून तो वाचू नये.

हे सर्व स्वतःच्या मालकीच्या डिस्कपुरते लिहिले आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे गुन्हा ठरवते, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. नाटकमंडळीच्या डिस्कची प्रत करून वाटू नये, हे तर कायद्याशिवायही कळण्याजोगे आहे.

बुरशी धरलेल्या किंवा ओरखडे पडलेल्या घरगुती डिस्कच्या बाबतीत टायटल निवडण्याची घाई करू नये. डीडीरेस्क्यू हे साधन आधी वाचता येणारा भाग उचलते आणि बिघडलेल्या जागांवर नंतर पुन्हा प्रयत्न करते. त्याने प्रथम संपूर्ण डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, करून घ्यावी आणि मग ती फाइल व्हीएलसीत उघडून मेनू तपासावा, म्हणजे चुकीचे टायटल निवडले गेले तरी दुखणाईत डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही. आयएसओ फाइल ठेवायला जागा असेल, तर निवडलेल्या टायटलाबरोबर तीही ठेवावी. व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची व्हिडिओ डिस्क) असेल, तर तिथे टायटलांऐवजी ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या डॅट फाइली असतात, आणि पहिली फाइल काही वेळा फक्त सूचना किंवा कंपनीचे बोधचिन्ह दाखवते. त्या सगळ्याच उतरवाव्यात, आणि चित्रपटाच्या दुसऱ्या डिस्कवरच्याही.