‘वाचलेलं १० टक्केच लक्षात राहतं’: या आकड्यांचा खुलासा

‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं.’ त्रिकोणाचं हे चित्र कॉलेजच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. मालवणात आमच्या शेजारची मुलगी याच भरवशावर पुस्तक मिटून नुसते व्हिडिओ पाहू लागली, म्हणून हे लिहितोय.

या त्रिकोणाचं मूळ म्हणजे १९४६ साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तकातलं शिकण्याच्या अनुभवांच्या शंकूचं चित्र. त्यात टक्केवारी नव्हतीच; ती बाहेरून चिकटली. आकडेही पाहा, सगळे शून्यावर संपणारे. खऱ्या मोजणीत असं क्वचितच होतं. शिवाय कुणाला, काय वाचायला दिलं, किती दिवसांनी विचारलं, याचा पत्ताच नाही.

लक्षात राहण्यासाठी माध्यमापेक्षा, न बघता आठवून पाहणं जास्त कामाला येतं. हे घरीच पडताळता येतं. त्या शेजारच्या मुलीने उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचा, व्हिडिओ पाहिला, म्हणाली, “समजलं, काका.” मी फोन पालथा ठेवला आणि कोरा कागद दिला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, हे पटकन आलं. अष्टमीला भांग का, इथे पेन थांबलं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा का येते, तेही सुचेना. वडिलांची होडी त्याच वेळेवर सुटते, तरी.

मग तिने पुस्तकातला तेवढाच परिच्छेद वाचला, मिटला, पुन्हा लिहिलं. चार दिवसांनी धक्क्यावर भेटली, तेव्हा सूर्य-चंद्राच्या काटकोनासकट भांग तिनेच मला समजावला.