फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस आला कुठून?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जा, बारा काळांचा तक्ता असतोच आणि त्यात सगळ्यात शेवटी फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस. पोरं तो पाठ करतात आणि पेपरात 'ही विल हॅज बीन वर्किंग' लिहून येतात. पाठांतर कमी पडतं असं मला नाही वाटत, ही रचना जमत कशी गेली तेच कोणी सांगत नाही.

जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूप नव्हतंच. इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या धर्मगुरूने लॅटिनचं व्याकरण इंग्रजीतून लिहिलं, त्यात भविष्यकाळ समजावताना त्याने सरळ वर्तमानकाळ घेतला आणि पुढे 'आज किंवा उद्या' जोडलं. आपण नाही का म्हणत, उद्या भुसावळला जातो, तसंच. विल तेव्हा इच्छा असणं या अर्थाचं पूर्ण क्रियापद होतं आणि शॅल म्हणजे देणं लागणं. वापरून वापरून तो अर्थ झिजला, दोघं नुसतं भविष्य दाखवायला उरले, पण त्यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपात ठेवायची रीत काही गेली नाही. म्हणून विलनंतर हॅवच, कर्ता ही असो की शी.

हॅवचं पण तेच झालं. आधी 'माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे' असा मालकीचा अर्थ, त्यातून पुढे 'मी पत्र लिहिलंय'. हॅवला तिसरं रूप लागतं म्हणून बीन, आणि बीनच्या मागून आयएनजी. ही शेवटची जोडी चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या काव्यात दिसते, तिथे देवळातल्या बायका पंधरवडाभर वाट बघतोय म्हणताना 'हॅव बीन वेटिंग'चंच जुनं रूप वापरतात.

आता सावद्याला दुपारी तीनपासून केळीची गाडी भरणं चालू आहे समजा. सहा वाजता काम चालूच असेल तर 'बाय सिक्स दे विल हॅव बीन लोडिंग द ट्रक फॉर थ्री अवर्स', आणि तोवर भरून झालेली असेल तर 'दे विल हॅव लोडेड द ट्रक'. प्रत्येक शब्द पुढच्याचं रूप ठरवतो, बस.

काळांची नावं मात्र लॅटिनच्या साच्यातून आली. लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणात सहाच काळ आहेत, आणि आपल्या फ्युचर परफेक्टला तो सेकंड फ्युचर म्हणतो, उदाहरण काय तर एक वाजता माझं जेवण झालेलं असेल. बारा खणांची मांडणी त्यानंतरची. पुढे डॅनिश अभ्यासक ओटो येस्पर्सन तर म्हणाला की इंग्रजीत खरे काळ दोनच, वर्तमान आणि भूत, आणि मला ते पटतं, कारण विल लावून होणारं सगळं जोडकामच आहे.

आय आणि वी ला शॅल, बाकीच्यांना विल, हा नियम जॉन वॉलिसने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांनी 'आय शॅल हॅव फिनिश्ड' शिकवलं ते त्याच परंपरेतून, आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर शिकलेली पोरं बिनधास्त 'आय विल हॅव फिनिश्ड' लिहितात. दोन्ही बरोबर आहे, मार्क कापायचं कारण नाही.