कणप्रदूषण आणि विषाणूंचा हवेतून प्रसार

हवेत तरंगणाऱ्या प्रदूषक कणांचा, हवेवाटे पसरणाऱ्या विषाणुजन्य श्वसनरोगांशी असलेला संबंध. या शीर्षकाखाली तीन वेगळे प्रश्न एकत्र येतात : कण विषाणूला वाहून नेतात काय, प्रदूषित हवेत विषाणू अधिक काळ टिकतो काय आणि अशी हवा श्वासावाटे घेणाऱ्या माणसाला लागण लवकर होते किंवा आजार अधिक जड जातो काय. सार्वजनिक चर्चा पहिल्या प्रश्नाची सर्वाधिक झाली. पुरावा मात्र तिसऱ्याच्या बाजूने अधिक भक्कम आहे.

कणांची वर्गवारी व्यासावरून केली जाते. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम १० (पीएम म्हणजे पार्टिक्युलेट मॅटर, कणरूप द्रव्य) आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. कोविड-१९ च्या विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रोमीटर असल्याने एका कणावर अनेक विषाणू मावू शकतील, हे भूमितीच्या दृष्टीने खरे. परंतु विषाणू हवेत सुटा येत नाही. बोलताना किंवा खोकताना उडणाऱ्या थेंबांतून तो बाहेर पडतो आणि त्यांतील पाणी उडून गेल्यावर क्षार, प्रथिने व श्लेष्मा यांचा सुका गाभा त्याच्याभोवती उरतो. अशा तरंगत्या गाभ्यांची कल्पना विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडली.

प्रदूषण आणि साथ यांची सांगड जुनी आहे, तसा वादही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर साचलेल्या धुरक्याने सुमारे ४,००० जादा मृत्यू घडवले, असे दीर्घकाळ मानले गेले. धुरके निवळल्यानंतरही फेब्रुवारी १९५३ पर्यंत मृत्युसंख्या चढीच राहिली होती. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या अहवालाने हे नंतरचे मृत्यू इन्फ्लुएन्झाच्या खाती घातले. मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी २००१ मध्ये हे मत नाकारले आणि एकूण जादा मृत्यू सुमारे १२,००० असल्याचे दाखवले, कारण त्या हिवाळ्यातील इन्फ्लुएन्झाने एवढे बळी घेतले असणे त्यांना संभवनीय वाटले नाही. त्यांची गणना अधिक ग्राह्य दिसते. तथापि मृत्यू धुराचा की तापाचा अशी विभागणी करताना, धुरामुळेच ताप बळावला असण्याची शक्यता मागे पडते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही कोळशावरील वीजनिर्मिती अधिक असलेल्या अमेरिकी शहरांत मृत्यूचे प्रमाण तुलनेने जास्त होते, असे २०१८ मधील एका अर्थशास्त्रीय अभ्यासात आढळले.

कण विषाणूला वाहून नेतात, हे वाहक-गृहीतक २०२० मध्ये उत्तर इटलीत पुढे आले. पो नदीचे खोरे तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने हिवाळ्यात तेथील हवा कोंडते, आणि कोविड-१९ चा युरोपातील पहिला मोठा उद्रेक याच भागात झाला. बोलोन्या विद्यापीठातील लिओनार्दो सेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेर्गामो येथे २१ फेब्रुवारी ते १३ मार्च २०२० या काळात गोळा केलेल्या पीएम १० च्या ३४ नमुन्यांपैकी काहींत विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) आढळल्याचे प्रसिद्ध केले. आरएनए सापडणे म्हणजे लागण करू शकणारा जिवंत विषाणू सापडणे नव्हे, आणि तो धुळीच्या कणाला चिकटलेला होता की त्याच गाळणीवर शेजारी येऊन बसला होता, हेही अशा चाचणीतून कळत नाही. इटलीतील एरोसोल-शास्त्रज्ञांच्या (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अभ्यासकांच्या) संघटनेने, निव्वळ सहसंबंधावरून कार्यकारणभाव काढू नये, असे त्याच वर्षी बजावले. पुढे व्हेनिस व लेच्चे येथील निवासी भागांतील खुल्या हवेच्या नमुन्यांत विषाणू आढळला नाही. मिलान व बेर्गामोविषयीच्या गणितांनुसार विषाणुयुक्त कण आणि हवेतील मोठे कण एकमेकांना चिकटण्याची शक्यता नगण्य ठरते. अतिसूक्ष्म काजळी विषाणुयुक्त थेंबाला येऊन चिकटू शकते, परंतु तेव्हा वाहक थेंबच असतो, काजळी नव्हे. शिवाय स्थिर हवेत १० मायक्रोमीटरचा कण दीड मीटर उंचीवरून काही मिनिटांतच खाली येतो, तर १ मायक्रोमीटरच्या कणाला बरेच तास लागतात. मोठ्या धूलिकणावर स्वार झालेला विषाणू त्यामुळे दूर जाण्याऐवजी लवकर जमिनीवर येईल. खुल्या हवेपुरते तरी हे गृहीतक सिद्ध झालेले नाही, असे म्हणणे रास्त होय.

दुसऱ्या, म्हणजे प्रदूषित हवेत विषाणू टिकण्याच्या, प्रश्नाचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथील लष्करी संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात हेन्री ड्रुएट व के. आर. मे यांनी कोळ्याच्या बारीक धाग्यांवर जिवाणू बसवून ते खुल्या हवेत ठेवले. बंद भांड्यातील हवेपेक्षा बाहेरच्या हवेत ते लवकर मरत होते, आणि तीच हवा कोंडून ठेवली की तिचा हा गुण थोड्या वेळात नाहीसा होत असे. ओझोन आणि पेट्रोलच्या वाफांत असणारी असंपृक्त हायड्रोकार्बने यांच्या विक्रियेतून निघणारी द्रव्ये यामागे असावीत, असा अंदाज करण्यात आला; पुढे विषाणूंवरही असाच परिणाम नोंदवला गेला. म्हणजे प्रदूषणाचा काही भाग विषाणुनाशकही असू शकतो. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठातील प्रयोगांत, कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की थेंबाची विषाणूला मारक ठरणारी अल्कता वाढण्यास अडथळा येतो आणि विषाणू अधिक काळ टिकतो, असे दिसले. कोंदट खोलीतील धोका समजून घेण्यास हा निष्कर्ष उपयोगी आहे.

मानवी शरीरावरील परिणाम अधिक स्पष्ट आहेत. पीएम २.५ मुळे श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, श्लेष्माबरोबर जंतू बाहेर ढकलण्याची क्रिया दुबळी होते, फुप्फुसातील भक्षक पेशींची क्षमता घटते आणि दाह वाढतो. उंदरांवरील प्रयोगांत कणांच्या संपर्कानंतर एसीई२ हा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन) वाढल्याचेही आढळले. कोविड-१९ चा विषाणू पेशीत शिरण्यासाठी हाच ग्राही वापरतो. अमेरिकेतील यूटा राज्यात १९९९ ते २०१६ या काळातील १ लाख ४६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, पीएम २.५ वाढल्यानंतरच्या काही आठवड्यांत श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील तीव्र संसर्ग वाढल्याचे दिसले. रुग्णांत दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे प्रमाण मोठे होते.

प्रादेशिक सरासरीवर आधारलेले अभ्यास सावधपणे वाचावे लागतात. २००३ मध्ये चीनमधील अधिक प्रदूषित भागांतील सार्स या विषाणुजन्य श्वसनरोगाच्या रुग्णांच्या मृत्यूचा धोका कमी प्रदूषित भागांच्या दुप्पट असल्याचे मांडले गेले. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दीर्घकालीन पीएम २.५ मधील प्रतिघनमीटर १ मायक्रोग्रॅम वाढीमागे कोविड मृत्युदरातील वाढ प्रथम १५ टक्के सांगितली, मग ती ८ टक्क्यांवर आणली आणि अंतिम लेखात ११ टक्के दिली. आकड्यांची ही ये-जाच या पद्धतीची मर्यादा दाखवते. भारतातील जिल्ह्यांवरील एका अभ्यासात, ज्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा सहभाग होता, प्रदूषित पट्टे व कोविडचे प्रमाण यांचा मेळ दिसला. मात्र मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दाट वस्ती, प्रवास आणि चाचण्यांची उपलब्धता हे सारे प्रदूषणाबरोबरच वाढते.

घरातील धुराविषयी प्रयोगाधारित माहिती तुटपुंजी आहे. ग्वाटेमालात घेतलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उघड्या चुलीऐवजी धुराडे असलेली चूल दिल्यावर बालकांतील तीव्र न्यूमोनिया काहीसा घटला, परंतु डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्रीय निकषांवर उतरली नाही, आणि श्वसनमार्गी सिन्सिशियल विषाणूमुळे (बालकांत श्वसनसंसर्ग घडवणारा एक विषाणू) होणाऱ्या न्यूमोनियात ठळक फरक आढळला नाही.