बॅटरीतले पांढरे मीठ: लेड सल्फेट, ॲसिड आणि शिशाबद्दल ग्राहकांसाठी माहिती

ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, वावरातली झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी), साधा बॅटरी पंप. या सगळ्यांत बहुधा शिशाचीच बॅटरी असते. दुकानात परत येणाऱ्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याचशा वापरून झिजलेल्या नसतात, उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने गेलेल्या असतात.

आत काय घडते

भरलेल्या बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटवर गडद तपकिरी लेड डायऑक्साइड असते, निगेटिव्हवर राखाडी, भुसभुशीत शिसे आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. वीज वापरली की दोन्ही प्लेटांवर पांढरे लेड सल्फेट बसते. ॲसिड खर्ची पडते आणि पाणी तयार होते. चार्जिंग लावले की हीच क्रिया उलटी फिरते. ताजे लेड सल्फेट बारीक कणांचे असल्याने सहज परत फिरते. बॅटरी तशीच उतरलेली ठेवली, तर बारीक कण विरघळून मोठ्या खड्यांवर जाऊन बसतात. हे मीठ पाण्यात विरघळते तरी किती? लिटरला जेमतेम 40 मिलिग्रॅम. पण पडून असलेल्या बॅटरीला वेळेची कमी नसते. कडक झालेले खडे वीज वाहू देत नाहीत. मग चार्जर लावताच व्होल्टेज झटपट चढते, हिरवा दिवा लागतो, आणि ट्रॅक्टरचा सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो.

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. तापमान 10 अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी म्हणूनच पेरणीच्या तोंडावर दगा देते. ट्रॅक्टर महिनाभर हलणार नसेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करा. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते.

झटका मशीनच्या बाबतीत दोष बहुधा तिची बॅटरी भरणाऱ्या सौर पॅनलवरच्या धुळीचा असतो. रानडुकरे आणि रोही रात्री येतात, मशीन रात्रभर चालते, आणि मळकट पॅनल दिवसा तेवढी भरपाई करत नाही. बॅटरी रोज अर्धवट राहते आणि मीठ घट्ट होत जाते. आठवड्यातून एकदा पॅनल ओल्या फडक्याने पुसले तरी बॅटरीचे आयुष्य वाढते.

बॅटरी भरली की नाही, हे कसे ओळखावे

दिव्यावर विश्वास ठेवू नका, हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट आहे ते आकड्यात दाखवणारी काचेची नळी) लावा. ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत 27 अंशांला 1240 म्हणजे पूर्ण भरलेली, 1190 च्या आसपास अर्धी, 1140 च्या खाली रिकामी. ॲसिड गरम असेल तर आकडा कमी दिसतो: दर 10 अंशांमागे 7 अंक जोडा. बॅटरीच्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) पाच 1230 दाखवतात आणि एक 1180, तर तो सेल खराब आहे. पाणी घालून तो सुधारणार नाही. हायड्रोमीटर नसेल तर चार-पाच तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचे व्होल्टेज पाहा: 12.5 भरलेली, 11.8 रिकामी.

सल्फेट फार जुने नसेल तर मंद चार्जिंगने काही प्रमाणात परत फिरते. 150 एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) बॅटरीला 5 ते 7 ॲम्पिअर, दीड-दोन दिवस, झाकणे मोकळी, ॲसिड 50 अंशांच्या खाली. हे काम दुकानात करून घ्यावे. जास्त करंट दिल्याने खडे विरघळत नाहीत, प्लेटा मात्र वाकतात.

पाणी आणि ‘औषधे’

बॅटरीतून फक्त पाणी उडते, ॲसिड आतच राहते. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरचीच, ॲसिडची कधीच नाही. विहिरीचे पाणी चालत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले तर मुळीच नाही. त्यातले क्लोराइड पॉझिटिव्ह प्लेटची जाळी खाते, आणि लोह बॅटरी आतल्या आत उतरवते. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घाला, चार्ज करा, मग पातळी पूर्ण करा.

कपाशीवरच्या लाल्यासाठी (पाने लाल पडण्यावर) आणलेले मॅग्नेशियम सल्फेट बॅटरीत टाकले की ती जिवंत होते, असे गावोगावी ऐकू येते. विरघळलेल्या क्षारामुळे हायड्रोमीटर वर चढतो, एवढेच खरे. प्लेटवरचे खडे जागचे हलत नाहीत. तुरटीचेही तेच. शिवाय वॉरंटी जाते.

ॲसिड

बॅटरीतल्या ॲसिडमध्ये वजनाने सुमारे 32 टक्के सल्फ्युरिक ॲसिड असते. ते तीव्र ॲसिडापासून घरी बनवू नका. जिथे बनते तिथेही नेहमी पाण्यात ॲसिड हळूहळू ओततात. ॲसिडात पाणी ओतले की ते एकदम उकळून अंगावर उडते. अंगावर किंवा डोळ्यात गेले तर लगेच वाहत्या साध्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवा. डोळ्यात सोडा, चुना, दूध काही घालू नका. धुऊन झाल्यावर दवाखाना गाठा. जमिनीवर सांडले तर मात्र खाण्याचा सोडा किंवा चुना पसरा, बुडबुडे थांबेपर्यंत.

चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणून बंद खोलीत चार्जिंग नको आणि जवळ बिडी, देवघरातला दिवा नको.

टर्मिनलवर जमणारी निळी-हिरवी पूड मुख्यत्वे मोरचूद असते, संत्र्याच्या बोर्डो मिश्रणातली तीच. ॲसिडाच्या वाफेने केबलचे तांबे खाल्ल्यावर ती तयार होते. पांढरी पूड मात्र लेड सल्फेट. कोरड्या फडक्याने झटकू नका, फुंकू नका. हातमोजे घालून, झाकणे घट्ट लावून, ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा टाकून ब्रशने धुवा. वाळल्यावर व्हॅसलिन लावा.

शिसे

पाण्यात विरघळत नाही म्हणून लेड सल्फेट निरुपद्रवी, असे समजू नका. पोटातल्या ॲसिडात शिसे सुटते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषून घेते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, मुलांचे अभ्यासात मागे पडणे ही लक्षणे दुसऱ्या आजारांचीही असतात, म्हणून संशय असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी सांगावी लागते. मारोतीला लावायचा पारंपरिक शेंदूरही शिशाचेच ऑक्साइड आहे. तो मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

मासेमारीच्या जाळ्याची वजने ओतण्यासाठी जुन्या प्लेटा चुलीवर वितळवणे सर्वांत वाईट. शिसे 327 अंशांनाच वितळते, पण प्लेटवरची पूड उडून घरात, धान्यावर बसते. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर येथे 2007-08 मध्ये जुन्या बॅटऱ्यांच्या अशाच कामातून 18 मुले दगावली.

गुरेही वाचत नाहीत. कोठ्याजवळ फुटकी बॅटरी पडली असेल तर ती चाटतात. आंधळेपण, दात खाणे, झटके दिसले तर पशुवैद्यकांना बॅटरीचा उल्लेख आवर्जून करा. तोंडावाटे मॅग्नेशियम सल्फेट देऊन पोटातल्या शिशाचे कमी विरघळणारे सल्फेट करणे हा उपचाराचा भाग असतो. डोस मात्र त्यांनीच ठरवायचा.

जुनी बॅटरी ॲसिडसकट, झाकणे लावून, उभी आणा. ॲसिड नाल्यात ओतून हलकी करू नका. तळाचा गाळ शिशाचाच असतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवी, भंगारवाल्याकडे नाही. नवीन बॅटरी घेताना जुनीची किंमत वजनावर वजा होते, आणि वजन करताना ॲसिड आत असले तरी हरकत नाही.