पायलटचा क्लास वेगळा, फ्लाइंग स्कूल वेगळं

सेकंड पीयूचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोराला पायलटच्या कॉलेजात घातलं." जरा खोलात विचारलं की कळतं, तिथे विमान नाही, धावपट्टी नाही. वर्गखोल्या आहेत, एक सिम्युलेटर आहे आणि भिंतीवर गणवेशातल्या मुलांचे फोटो आहेत. या घोळात ऊसबिलाचे, तंबाखूचे, गहाण ठेवलेल्या सोन्याचे पैसे जातात, म्हणून सरळ लिहितो.

क्लास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. सीईटीचा क्लास आणि इंजिनीअरिंग कॉलेज यांत जो फरक, तोच इथे. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, घेते, पास व्हायला ७० टक्के लागतात, आणि क्लास त्यांची तयारी करून घेतो. चांगला क्लास उपयोगाचा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेला मुलगा डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर (परीक्षेचा नोंदणी क्रमांक) काढून घरी अभ्यास करूनही हे पेपर देऊ शकतो.

फ्लाइंग स्कूल म्हणजे डीजीसीएने मान्यता दिलेली उड्डाण प्रशिक्षण संस्था, कागदोपत्री एफटीओ. कमर्शियल पायलट लायसन्सला किमान २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. भारतात हे तास इथेच होतात. मान्यता नसलेल्या सिम्युलेटरवर वर्षभर बसलात तरी लॉगबुकात एक मिनिट चढत नाही.

इथवर बहुतेकांना समजतं. माणसं अडकतात ती 'डीजीसीए मान्यताप्राप्त' या पाटीपाशी. मान्यता कुणाला, कशासाठी आणि कुठल्या तळासाठी, हे तिन्ही प्रश्न वेगळे विचारायचे असतात आणि ते कुणी विचारत नाही. लेखी पेपरांच्या खाजगी क्लासला डीजीसीएची मान्यता लागतच नाही, त्यामुळे नुसत्या क्लासच्या पाटीवर ते शब्द दिसले की तिथेच थांबायचं. कधीकधी संस्थेकडे खरोखर मान्यतेचं पत्र असतं, पण ते विमान दुरुस्तीच्या इंजिनीअरिंग अभ्यासक्रमाचं. ते शिक्षण चांगलं, त्याला मान आहे, पण त्या पत्रावर कुणी पायलट होत नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त फसवतो: क्लासवाले सांगतात, "आमचं अमुक फ्लाइंग स्कूलशी टाय-अप आहे, पैसे इथेच भरा." मान्यता त्या स्कूलची, पावती मात्र क्लासची. उद्या स्कूलने विद्यार्थी घेतला नाही, विमानं बंद पडली किंवा दर वाढवले, तर स्कूल तुम्हाला ओळखत नाही आणि क्लास म्हणतो, आमच्या हातात काही नाही.

माझं मत पक्कं आहे: उड्डाणाचा एक रुपयाही एफटीओच्या नावावरच्या खात्याशिवाय दुसरीकडे भरू नका. क्लासची फी वेगळी, तिची पावती वेगळी. 'ग्राउंड टू कॉकपिट' असं एकत्र पॅकेज समोर आलं तर ते फोडून मागा. फोडून देत नसतील तर उठून या.

पडताळणी अवघड नाही. मान्यताप्राप्त एफटीओंची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. तिथे संस्थेचं नाव, तळ आणि मान्यतेची मुदत पाहा. ब्रोशरवरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षराअक्षराने जुळलं पाहिजे. बँकेतही हाच निकष लागतो: पायलट प्रशिक्षणाला शैक्षणिक कर्ज देताना बँक डीजीसीए मान्यतेचा कागद बघते. म्हणून कर्ज लागो न लागो, आधी बँकेत जाऊन त्या संस्थेवर कर्ज मिळेल का एवढं विचारून या.

यादीत नाव आहे म्हणजे स्कूल चांगलं, असंही नाही. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए एफटीओंना श्रेणी देते, ती जरूर पाहा. पण त्याहून महत्त्वाचं, तळावर स्वतः जा आणि तिथल्या मुलांना विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, गेल्या महिन्यात तुझे तास किती झाले? कागदावरच्या विमानांची संख्या इथे कामाची नाही. कोर्स लांबला की लायसन्ससाठी ठराविक मुदतीत द्यायच्या चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात आणि खर्च वाढतो. सगळी फी आधी मागणाऱ्या स्कूलला मी कुणालाच जाऊ देणार नाही. हप्ते झालेल्या तासांशी बांधलेले हवेत.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते ती सांबऱ्याची. बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे, पण तिथे एअरमनचं, म्हणजे वैमानिक नसलेल्या जवानांचं, प्रशिक्षण होतं. हवाई दलाचे वैमानिक घडतात ते हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत. नागरी बाजूला २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी निवडलेल्या पहिल्या पाच विमानतळांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारीबरोबर बेळगावही होतं. म्हणजे उड्डाणाचं शिक्षण जिल्ह्यातच होण्याची सोय आहे. पण घर जवळ आहे एवढ्यावर स्कूल निवडू नका. जून ते सप्टेंबर घाटमाथ्याचा पाऊस आणि खाली उतरलेले ढग यांत शिकाऊ उड्डाणं अडतात. ते महिने लेखी पेपरांना ठेवावेत, आणि क्लास लावायचा असेल तर तोही तेव्हाच.

आणि या सगळ्याआधी मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे 'क्लास टू' दर्जाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. पुढे 'क्लास वन' मेडिकल लागतं, त्याची सोय बेंगळुरूला हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत आहे. रंगांधळेपणासारखी गोष्ट फी भरल्यावर कळली तर मेडिकल फेल होतं आणि भरलेले पैसे मागण्यासाठी खेटे घालावे लागतात. क्लासच्या काउंटरवर हे तुम्हाला कुणी आधी सांगत नाही. चांगल्या फ्लाइंग स्कूलमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतात.