स्पंदित ईपीआरचा प्रोब: घुमणारा नाद आवरण्याचा इतिहास

येव्गेनी झाव्हॉइस्की यांनी 1944 साली कझानमध्ये इलेक्ट्रॉनचा चुंबकीय अनुनाद, म्हणजे ईपीआर, पहिल्यांदा टिपला: चुंबकीय क्षेत्रातले इलेक्ट्रॉन ठराविक वारंवारतेच्या लहरी शोषतात. पुढे बराच काळ ईपीआरची मोजणी सलग चालणाऱ्या मायक्रोवेव्हवरच होत होती. त्या पद्धतीत प्रोबमधली कॅव्हिटी, म्हणजे नमुना ठेवायची धातूची पोकळी, जितकी घुमेल तितकी चांगली. हे घुमणे किती टिकते ते क्यू या आकड्याने मोजतात; क्यू 5000 असेल, तर आत शिरलेली ऊर्जा शेकडो आवर्तने टिकते आणि क्षीण संदेशही उठून दिसतो.

सलग लहरींऐवजी पल्स, म्हणजे मायक्रोवेव्हचा क्षणिक झोत, आली आणि हाच गुण आडवा आला: पल्स संपली तरी कॅव्हिटी घुमत राहते. अर्विन हान यांनी 1950 मध्ये अणुकेंद्रांचा स्पिन एको, म्हणजे पल्सनंतर थोड्या वेळाने नमुन्याकडून परत येणारा क्षीण संदेश, दाखवला होता. 1958 मध्ये इलेक्ट्रॉनांचाही मिळाला. बेल लॅब्जमध्ये गॉर्डन आणि बॉवर्स यांनी तो सिलिकॉनमध्ये मायक्रोवेव्हवर घेतला. पण इलेक्ट्रॉन फार वेळ देत नाही, बऱ्याच नमुन्यांत सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांत आटोपतो. आता हिशेब पाहा. 9.5 गिगाहर्ट्‌झला क्यू 5000 असताना ऊर्जा 37 टक्क्यांवर यायला सुमारे 84 नॅनोसेकंद लागतात. पल्स 100 वॅटची आणि एको नॅनोवॅटचा धरला, तर नाद एकोच्या पातळीपर्यंत विरायला दोन मायक्रोसेकंद जातात. तेवढ्यात एको बहुधा येऊन गेलेला असतो.

क्यू उतरवणे सोपे: जोडणीचा अँटेना आणखी आत सरकवायचा. क्यू 100 झाला की नाद 50 पट लवकर विरतो, पण तेवढ्याच शक्तीत नमुन्यावरचे मायक्रोवेव्ह क्षेत्रही सातेक पट घटते. स्पंदित ईपीआरवर काम करणाऱ्या मिम्स यांनी कमी क्यूच्या स्ट्रिपलाइन (धातूच्या पट्टीच्या) कॅव्हिटी वापरल्या त्या याच पेचापायी.

माझ्या मते खरी सुटका भूमितीने केली. 1982 मध्ये फ्रॉन्चिश आणि हाइड यांनी कॅव्हिटीच्या जागी लूप-गॅप रेझोनेटर मांडला: धातूची नळी, तिला उभी फट. चुंबकीय क्षेत्र नळीच्या पोकळीत राहते, विद्युत क्षेत्र फटीत, आणि नमुना बसतो पोकळीत. त्यामुळे पाण्यासारखा मायक्रोवेव्ह खाणारा नमुनाही चालतो. तरंगलांबी तीन सेंटिमीटर असली तरी नळी काही मिलिमीटरची पुरते. एवढ्या छोट्या जागेत कोंडलेले क्षेत्र क्यू कमी असूनही जोरकस राहते. नीलमण्याच्या कड्यांचे डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधी पदार्थाचे) रेझोनेटरही याच वाटेने आले.

उरलेली लढाई थंडीशी आहे, कारण नमुना बरेचदा अतिशय थंड ठेवून मोजावा लागतो. द्रव हेलियमपर्यंत जाणारी केबल तांब्याची घेतली तर उष्णता खाली उतरते, पोलादाची घेतली तर मायक्रोवेव्ह वाटेत जिरतात. शिवाय थंडीत धातू आक्रसतो आणि जोडणी हलते. म्हणून अँटेना सरकवणारी दांडी क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवणाऱ्या पात्राच्या) बाहेरूनच फिरवता यावी लागते.